संक्रांतीच्या आत गळू नये म्हणून: तब्येतीकडे नव्याने वळणाऱ्या ठाणेकरांसाठी

दरवर्षी १ जानेवारीला पहाटे कचराळी तलावावर गर्दी उसळते. पायात कोरे बूट, मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं, एखाद्याच्या टी-शर्टाला दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच लटकलेली. मी पाचपाखाडीत राहते, गेली सहा वर्षं इथे फेऱ्या मारते, त्यामुळे पुढचं मला पाठ झालंय. तिळगूळ वाटायची वेळ येईपर्यंत निम्मे चेहरे दिसेनासे होतात, आणि फेब्रुवारीत पुन्हा आम्ही जुनी खोडंच तेवढी उरतो.

मी त्यांना हसत नाही, कारण मीसुद्धा त्यांच्यातलीच. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या वेळी एका जिमची वर्षाची फी एकरकमी भरली आणि मोजून सतरा दिवस गेले. दुसऱ्या वेळी मोबाइलवर बघून घरादाराला दुधीचा रस पाजला. नवऱ्याने चौथ्या दिवशी निमूटपणे ऑफिसजवळ नाश्ता करायला सुरुवात केली. तिसऱ्या वेळी पहिल्याच रविवारी उपवनकडून येऊरचा चढ जवळजवळ पळत गाठला, आणि पुढचे दोन महिने जिना उतरताना कठडा सोडला नाही. वय तेव्हा त्रेचाळीस.

मला सल्ला देणारे तज्ज्ञ चुकीचं सांगत होते असं नाही. कापड उत्तम होतं, पण मी ते माझ्या मापाने बेतलंच नव्हतं. रोज सकाळी ८ची गाडी पकडणाऱ्या, घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा असलेल्या बाईचा दिवस केवढा असतो, हे त्या सल्ल्याला कसं कळणार? ते आपणच बघायचं. पुढे जे लिहिलंय ते त्या बेतण्याबद्दल.

आधी टेप काढा

वजनकाटा नंतर. शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि कंबर मोजा. सलवारीची नाडी बांधतो तिथे नव्हे; सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. (ओढलं जातंच. म्हणून दोनदा मोजा.) भारतीय माणसांसाठी डॉक्टर पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही मर्यादा धरतात.

वजनाआधी कंबर का, याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःच्याच शरीरावरून दाखवलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून लठ्ठ, हा आपला भारतीय घाट. “मी कुठे जाडी आहे?” असं म्हणणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींची साखर वाढलेली निघाली, तेव्हा मला हा फोटो आठवला.

टेपनंतर बीपी. तोही नीट मोजून घ्या: मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि मोजताना गप्पा नाहीत. धापा टाकत जिना चढून गेलात आणि लगेच पट्टा बांधला तर येणारा आकडा जिन्याचा असतो. १४०/९० किंवा त्याच्या वर वेगवेगळ्या दिवशी येत राहिला तर डॉक्टरांकडे जायचं. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ आणि पुढे म्हणजे मधुमेह. तिशीपुढच्यांची बीपी-साखरेची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते, तिथे जायला लाज वाटून घेऊ नका.

उंबरठ्यावरचा आकडा आला म्हणून खचायचं कारण नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच उंबरठ्यावरच्या भारतीयांवर अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसतं खाणं आणि चालणं सुधारलेल्या गटात, अडीच वर्षांच्या पाठपुराव्यात, मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी भरलं. गोळी न घेता. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे, छातीत दुखतं, चक्कर येते, त्यांनी मात्र बूट घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, हे सांगायला नकोच.

एकच गोष्ट, आणि तीही हसू येईल एवढी लहान

या पायरीवर सगळे घाई करतात, म्हणून मी इथेच जास्त वेळ घालवणार आहे.

नव्या माणसाची यादी ठरलेली असते: पहाटे पाचला उठणं, तासभर चालणं, साखर बंद, रात्री भात बंद, दहा पानं वाचन, ध्यान. सगळं सोमवारपासून. सोमवारचं आकर्षण खरं असतं. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला माणसं असे संकल्प जास्त करतात हे संशोधकांनीही नोंदवलंय. आपल्याकडे तर जानेवारी हुकला की पाडवा आहे, पाडवा हुकला की दसरा आहे. मुहूर्तांची ददात नाही. ददात आहे ती मुहूर्त नसलेल्या साध्या गुरुवारी ते पुढे चालवण्याची.

स्टॅनफर्डमधले बी. जे. फॉग सवयींवर काम करतात. त्यांचं सांगणं असं की नवी सवय आधीच पक्क्या असलेल्या सवयीच्या शेपटीला बांधा, आणि सुरुवात इतकी लहान ठेवा की नाही म्हणायला तोंडच उरणार नाही. दातांत दोरा फिरवायची सवय लावायची तर पहिल्या दिवसापासून एकाच दाताला. मला ते वाचून हसू आलं होतं.

मग मी करून पाहिलं. आमच्याकडे सकाळी पावणेसहाला चहाचं आधण ठेवलं जातं. घरात कुणी आजारी असो की पाहुणे असोत, ते चुकत नाही. आधण ठेवलं की ओट्याला दोन्ही हात टेकून दहा वेळा टाचा उचलायच्या. एवढंच. दहा झाल्या की थांबायचं, उत्साह आला तरी थांबायचं. पहिला आठवडा मला स्वतःचंच हसू यायचं. तिसऱ्या आठवड्यात पातेलं गॅसवर ठेवल्याबरोबर टाचा आपोआप उचलल्या जायला लागल्या. आलं किसता किसता. आज त्या जागी टाचा, भिंतीवरचे जोर आणि खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस, असं आधणापासून गाळण्यापर्यंतचं सगळं बसलंय. पण सुरुवात दहा टाचांची.

तुमचं आधण तुम्ही शोधा. कुणाचं ते देवाला दिवा लावणं असेल, कुणाचं गाडीत जागा मिळाल्यावरचा पहिला श्वास, कुणाचं मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून मागे वळणं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर याला जर-तरची योजना म्हणतात: “अमुक झालं, की मी तमुक करीन.” “रोज व्यायाम करीन” या वाक्याला वेळ नाही, जागा नाही, म्हणून ते हवेत राहतं. “मुलगा बसमध्ये चढला की मी घरी न जाता तलावाला दोन फेऱ्या मारीन” याला दोन्ही आहेत.

आणि किती दिवस? एकवीस दिवसांत सवय लागते, हे तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणात आहे: चेहरा बदलल्यावर रुग्णाला आरशातल्या नव्या रूपाची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. ‘कमीत कमी’ वाटेत कुठेतरी गळलं आणि नाकाचं गणित चालण्याला लागलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक सवय लावायला सांगून मोजलं. मधला आकडा आला ६६ दिवस. पण कुणाचं काम १८ दिवसांत भागलं तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर मुरली, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्यात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. याच्याकडे पुढे परत येऊ.

चालणं

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लावायचा व्यायाम. मध्यम जोर ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. आमच्या ग्रुपातले एक काका फेरीत नाट्यगीत गुणगुणतात, त्यांना आम्ही दर वेळी सांगतो, काका, तुम्ही हळू चालताय.

दहा हजार पावलांचं ओझं मात्र उतरवून ठेवा. तो आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५च्या सुमारास, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा गोल होता, लक्षात राहिला. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० अमेरिकी बायकांच्या पावलांचा अभ्यास छापला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. म्हणजे अडीच-तीन हजारांवरून साडेचार हजारांच्या आसपास जाणं हीसुद्धा मोठी मजल आहे.

ठाण्यात चालायचं कुठे? तलावांच्या गावात हा प्रश्न पडायला नको, पण पडतो. नव्या माणसाला मी कचराळी सांगते, कारण फेरी लहान आहे. दमलात तर घर लांब नाही, आणि फेऱ्या मोजता येतात. तलावपाळी सुरेख, पण संध्याकाळी तिथे चालणं कमी आणि पाणीपुरी, घोडागाडी, आईस्क्रीम यांतून वाट काढणं जास्त. जायचं तर उजाडता. उपवनला सकाळची हवा छान असते. येऊर पहिल्या तीन महिन्यांत नको. माझे गुडघे साक्षीला आहेत. शिवाय तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर. अंधारात एकट्याने तिकडे जायचं नाही आणि वनखात्याच्या वेळा पाळायच्या. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी हमरस्त्याच्या कडेने धूळ खात चालण्यापेक्षा सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

पण माझं सगळ्यात भरवशाचं चालणं यांपैकी कुठेच होत नाही. ते होतं स्टेशन ते घर. संध्याकाळी गाडीतून उतरलं की सगळा लोंढा शेअर रिक्षाच्या रांगेकडे वळतो. पावसात ती रांग इतकी लांबते की रिक्षा मिळेपर्यंत माणूस पाचपाखाडीत पोचलेला असतो. मी एकदा चिडून रांग सोडली आणि चालायला लागले. बावीस मिनिटांत घरी. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ११० मिनिटं तिथेच झाली, रिक्षाचे पैसे वाचले ते वेगळेच. उरलेली चाळीस शनिवार-रविवारी कचराळीवर. वेगळा वेळ काढावा लागला नाही, म्हणून हे टिकलं. पर्समध्ये चपटे बूट ठेवा. ऑफिसच्या चपलांवर हा प्रयोग करू नका.

आणि शतपावली. आपल्या आजी-आजोबांनी ठेवलेली ही सवय आपण टीव्हीच्या मालिकांना देऊन टाकली. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते, हे प्रयोगांत दिसलंय. गच्चीवर, जिन्याखाली, सोसायटीच्या गेटपर्यंत, कुठेही.

ताकदीच्या व्यायामाबद्दल बायका एक वाक्य हमखास म्हणतात: “घरकाम होतं की एवढं.” घरकामाने दमायला होतं, स्नायूंना पुरेल एवढा भार मिळेलच असं नाही. आठवड्यात दोन दिवस खुर्चीवरून ऊठबस, भिंतीवर जोर, भाजीच्या पिशव्या उचलून खांदे, किंवा सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते घरोघरी पोचवले, त्याला फी नाही की यंत्र नाही. मनगट किंवा गुडघा दुखत असेल तर आधी कुणाकडून तरी नीट बघून घ्या, बारा नमस्कारांची घाई नको.

स्वयंपाकघर

काय खावं यावर महाराष्ट्रात घरं दुभंगली होती. दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर म्हणतात दर दोन-तीन तासांनी थोडं खा, घरचं, आपल्या मातीतलं, तूप घालून. आमच्या ऑफिसात दोन टेबलं वेगळी झाली होती. माझं मत विचाराल तर, या भांडणात एक गोष्ट कुणी बघितलीच नाही: बिस्किटं, फरसाण आणि गोड थंड पेयं यांची बाजू दोघांपैकी कुणीच घेत नाही. तुम्ही ती कमी केलीत तर टेबल कुठलंही चालेल. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता जेवणं गाळायची नाहीत, साखर एकदम खाली येऊ शकते.

मी स्वतः मिठापासून सुरुवात केली, कारण मीठ मोजायला सोपं. नवीन पुडा फोडला की त्यावर बॉलपेनने तारीख टाकायची. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आम्ही चौघं, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस जायला हवा. आमचा २४ दिवसांत संपला. भाज्या मिठाच्या पाण्यात धुतल्या, काही सांडलं, असं सगळं वजा केलं तरी माणशी दहा ग्रॅमच्या जवळपास. आणि त्यात लोणचं, पापड, फरसाणातलं मीठ धरलेलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, “पुड्यात भरतात कमी.” आम्ही काट्यावर ठेवून पाहिलं. पुरा होता.

मग कणकेतलं मीठ बंद केलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. भातातलं बंद केलं, लक्षात आलं पण आठवड्याने विसरले. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढायची पद्धत फक्त सणापुरती ठेवली. आमटीतलं एकदम कमी करायला गेले तेव्हा घरात बंड झालं, म्हणून तिथे दर पंधरवड्याला चिमूटभर. पुढचा पुडा ३८ दिवस गेला. कमी सोडियमचं मीठ आणायचा विचार असेल तर थांबा. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकतं.

साखरेचा हिशोब चहावर करा. सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे ३२ ग्रॅम. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा ५० ग्रॅम, आणि २५च्या आत राहिलं तर उत्तम. म्हणजे बिस्किट बुडवायच्या आधीच आपण उत्तमच्या पलीकडे. मी अर्ध्या-अर्ध्या चमच्याने उतरले, तीन महिने लागले.

प्रथिनांचं तेवढं सांगते आणि पुढे जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने रोज किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. एका अंड्यात सहा-सात, पेलाभर दुधात तेवढंच, मूठभर शेंगदाण्यांत साधारण तितकंच. आणि आपलं वरण? ज्यात डाळीचा दाणा पोहायला जागा शोधतो, त्या वरणावर फार भिस्त ठेवू नका. घट्ट करा, उसळीचं प्रमाण वाढवा. जांभळी नाक्याला मोड आलेली कडधान्यं सहज मिळतात.

झोप: सात तास, आणि उठायची वेळ रविवारीही तीच. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास घेतं, तेव्हा संध्याकाळी सहानंतरचा ‘फक्त कटिंग’ झोपेतून वसूल होतो. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. यापेक्षा जास्त मला त्यातलं जमलेलं नाही.

‘च’ काढून पाहा

इथवरचं सगळं तुम्ही बारा-पंधरा दिवस कराल, आणि मग एक दिवस चुकेल. पाहुणे येतील, मध्य रेल्वे तासभर खोळंबेल, ताप येईल. संक्रांतीच्या आत गळणारे लोक व्यायामाने दमून गळत नाहीत. ते चुकलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी गळतात.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती इथे कामाला येते. ठाण्यात तिची ओळख करून घ्यायला लांब जावं लागत नाही, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इथेच आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, आणि त्यांच्या लिहिण्या-बोलण्यातून ही पद्धत कितीतरी मराठी घरांत पोचली. एलिस सांगतात की घटना आणि आपला त्रास यांच्यामध्ये एक विचार उभा असतो, आणि बहुतेक वेळा त्या विचारात हट्ट असतो. इंग्रजीत तो हट्ट दाखवायला अख्खा शब्द लागतो. मराठीत एक अक्षर पुरतं: ‘च’.

“मी रोज चालायला हवं” ही इच्छा झाली. “मी रोज चालायलाच हवं” हा हुकूम झाला. हुकूम एकदा मोडला की शिक्षा आली: “माझ्याच्याने काही होणारच नाही.” बघा, तिथेही ‘च’. मी एक आठवडाभर वहीत माझी चिडचिडीची वाक्यं लिहून काढली. “आठची गाडी मिळालीच पाहिजे.” “मुलाने स्वतःहून अभ्यासाला बसलंच पाहिजे.” “सासूबाईंनी मिठाबद्दल बोलायलाच नको होतं.” मग लाल पेनने फक्त ‘च’ खोडले. वाक्यं तीच राहिली, माझ्या अपेक्षाही त्याच राहिल्या, पण छातीवरचा दगड जरा हलला. गाडी मिळायला हवी होती, नाही मिळाली, पुढची सात मिनिटांनी आहे.

चुकलेल्या दिवसासाठी माझा नियम एवढाच: एक दिवस चुकला तर हरकत नाही, सलग दोन चुकू द्यायचे नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट चालायचं नाही. तोही ‘च’चाच प्रकार.

“मला जमत नाही” म्हणाल तेव्हा मधे ‘अजून’ घाला, असं स्टॅनफर्डच्या कॅरॉल ड्वेक सुचवतात. “मला अजून जमत नाही.” पण त्यांचा अर्धाच सल्ला आपल्याकडे फिरतो. नुसती मेहनत वाढवा असं त्या म्हणत नाहीत. जमत नसेल तर पद्धत बदला, कुणाला तरी विचारा, असं म्हणतात. पहाटेचं चालणं मला दोन वर्षं ‘अजून’ जमत नव्हतं. स्टेशनवरून चालायला लागले, तेव्हा जमलं.

एक गोष्ट मात्र ‘च’ काढून सुटणारी नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ती वहीत सोडवायची गोष्ट नव्हे. तेव्हा डॉक्टर. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतून बोलता येतं.

कुणाचं ऐकायचं

रोज एक नवा तज्ज्ञ फोनमध्ये उगवतो. माझी चाळणी ढोबळ आहे. जो बोलून झाल्यावर स्वतःचीच पावडर विकतो, त्याचं बोलणं जाहिरात समजायचं. जो बीपी, साखर, केस आणि कर्ज सगळ्यांवर एकच काढा सांगतो, त्याला नमस्कार. जो चालू असलेली गोळी बंद करायला सांगतो, त्याचा व्हिडिओ तिथेच बंद करायचा. आणि जो “हे तुमच्या डॉक्टरांना विचारा” असं म्हणतो, त्याचं पुढचं वाक्य ऐकायला हरकत नाही.

सोबत मिळाली तर घ्या. कचराळीवर आमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे, त्यात नाव नोंदवावं लागत नाही; दोन दिवस एकाच वेळी आलात की तिसऱ्या दिवशी कुणीतरी “काल दिसला नाहीत?” विचारतंच.

सहासष्टावा दिवस

भिंतीवरच्या कालनिर्णयवर आजपासून ६६ दिवस मोजून त्या चौकोनात एक टिंब द्या. रोज जे केलं त्याची लहानशी फुली. चुकलं तर काहीच नाही, लाल गोल वगैरे करायचे नाहीत. टिंबाच्या दिवशी चार गोष्टी बघायच्या: फुल्या किती, मिठाचा पुडा किती दिवस गेला, स्टेशनचा जिना चढून वर गेल्यावर लगेच बोलता येतंय का, आणि कंबर. त्यातली एकच हलली असेल, किंवा एकही नसेल. मग सवय आणखी लहान करायची की आधण बदलायचं, ते त्या दिवशी ठरवा. माझी कंबर पहिल्या खेपेला दीड सेंटिमीटरने उतरली होती.

मोजायला टेप मात्र तीच घ्या. माझ्या शिवणाच्या डब्यात दोन निघाल्या, आणि दोन्हींत पाऊण सेंटिमीटरचा फरक होता.